हानडॉर्फ : ॲडलेडजवळचे जर्मन वसाहतकारांचे गाव कसे पाहावे?

माळरान (धागाकर्ता)

दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी ॲडलेड येथे मराठी कुटुंबे आता बऱ्यापैकी स्थिरावली आहेत. मुलांकडे राहायला येणारे आईवडील, विद्यापीठात शिकणारी मुले आणि भारताचा कसोटी सामना पाहायला येणारे क्रिकेटप्रेमी यांपैकी बहुतेकांच्या कार्यक्रमात हानडॉर्फ या गावासाठी अर्धा दिवस राखलेला असतो. ॲडलेडच्या पूर्वेकडील डोंगररांगेत, शहरापासून सुमारे २८ किलोमीटरवर हे गाव आहे. लोक मुख्य रस्त्यावर फिरतात, जर्मन बेकरीत काही खातात, जुन्या घरांसमोर छायाचित्रे काढतात आणि परततात. एवढ्यावर समाधान मानून परतणे मला या गावावर अन्याय केल्यासारखे वाटते. हानडॉर्फ हे आपल्या श्रद्धेसाठी देश सोडलेल्या शेतकऱ्यांनी उभारलेले गाव आहे, आणि ज्या देशाला त्यांनी आपले मानले त्या देशाने पुढे त्यांच्या गावाचे नावच काढून घेतले होते. हे दोन्ही मनात ठेवून रस्त्यावरून चालले, तर तीच घरे निराळी दिसू लागतात.

सुरुवात प्रशियात, म्हणजे आजच्या जर्मनी आणि पोलंडच्या भागांत पसरलेल्या जुन्या राज्यात होते. राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने १८१७ मध्ये आपल्या राज्यातील ल्यूथरपंथी आणि रिफॉर्म्ड या दोन प्रॉटेस्टंट पंथांचे एकीकरण जाहीर केले आणि १८३० पासून सर्व चर्चमध्ये एकच उपासनाविधी सक्तीचा केला. जुन्या ल्यूथर परंपरेला धरून राहणाऱ्यांना, विशेषतः सायलेशिया आणि ब्रँडेनबर्ग भागातील खेड्यांना, ते मान्य नव्हते. पाद्री तुरुंगात गेले, घराघरांत चोरून भरणाऱ्या प्रार्थनासभांवर दंड बसू लागले आणि १८३४ मध्ये होनिगर्न या गावचे चर्च ताब्यात घेण्यासाठी चक्क सैन्य पाठवण्यात आले. क्लेम्झिग गावचे पाद्री ऑगस्ट काव्हेल देशांतराचा मार्ग शोधत १८३६ मध्ये लंडनला पोहोचले. तेथे त्यांना जॉर्ज फाइफ अँगस भेटले. साउथ ऑस्ट्रेलियन कंपनीचे अध्यक्ष असलेल्या अँगस यांना नव्या वसाहतीसाठी कष्टाळू आणि धर्मभीरू शेतकरी हवेच होते. प्रवासखर्चासाठी त्यांनी स्वतःच्या पैशातून कर्ज दिले आणि ते या लोकांनी सव्याज फेडायचे होते. उपकार आणि व्यवहार यांची अशी सरमिसळ या गावाच्या जन्मापासूनच आहे, आणि म्हणूनच मला ही कथा खरी वाटते.

१८३८ मध्ये पहिली जहाजे निघाली. त्यांपैकी ‘झेब्रा’ हे जहाज डिसेंबर १८३८ च्या अखेरीस ॲडलेडजवळच्या किनाऱ्याला लागले. त्याचे कप्तान डर्क हान हे सिल्ट बेटावरचे, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने डेन्मार्कच्या राजाचे प्रजाजन. प्रवासी उतरले की कप्तानाची जबाबदारी संपत असे. हान मात्र जमिनीच्या शोधात स्वतः डोंगरात गेले. डटन, फिनिस आणि मॅकफार्लेन या तिघांनी माउंट बार्करच्या परिसरात मोठी जमीन घेतली होती. त्यांच्याशी बोलणी करून हान यांनी या कुटुंबांना शंभर एकर जमीन पहिल्या वर्षी बिनभाड्याने, सोबत जनावरे आणि उधारीवर धान्य अशा अटी मिळवून दिल्या. १८३९ च्या पहिल्या काही महिन्यांत सुमारे पन्नास कुटुंबे आपले सामान पाठीवर आणि हातगाड्यांवर लादून डोंगर चढून आली. त्यांनी गावाला आपल्या कप्तानाचे नाव दिले. जमीनमालकाचे नाव गावाला द्यायचे, ही त्या काळी रीतच होती. या लोकांनी ते केले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता पाहण्यासारख्या जागांविषयी. मुख्य रस्त्यावरील हानडॉर्फ अकॅडमी ही वास्तू ट्राउगॉट विल्हेल्म बोम या शिक्षकाने १८५७ मध्ये शाळेसाठी उभारली. आज तेथे कलादालन आणि स्थलांतरितांच्या इतिहासाचे छोटे संग्रहालय आहे. गावात शिरल्यावर आधी येथे जावे, म्हणजे पुढचे सारे समजून पाहता येते. सेंट मायकेल चर्च रस्त्यापासून थोडे आत असल्याने बहुतेकांच्या नजरेतून सुटते. गावाबाहेर ‘द सीडर्स’ हे चित्रकार हान्स हायसन यांचे घर आहे. हायसन यांचा जन्म १८७७ मध्ये हॅम्बुर्गला झाला आणि बालपणीच ते ॲडलेडला आले. युकॅलिप्टसची झाडे आणि त्यांवरचा प्रखर ऑस्ट्रेलियन प्रकाश त्यांनी असा रंगवला की निसर्गचित्रांसाठीचे विन पारितोषिक त्यांना नऊ वेळा मिळाले. १९१२ मध्ये घेतलेल्या या घरात ते १९६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिले. आसपासची जुनी झाडे तुटू नयेत म्हणून त्यांनी शेजारच्या जमीनमालकांना पदरचे पैसेही दिले. त्यांची मुलगी नोरा हायसन ही १९३८ मध्ये व्यक्तिचित्रांसाठीचे आर्चिबाल्ड पारितोषिक मिळवणारी पहिली स्त्री होय. पुढे ऑस्ट्रेलियाने अधिकृत युद्धचित्रकार म्हणून नेमलेली पहिली स्त्रीही तीच. घर, हायसन यांची चित्रशाळा आणि भोवतालची जमीन हे सारे पाहता येते. वेळ कमी असेल तर मुख्य रस्त्यावरील दुकाने सोडावीत, पण हे घर सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या महायुद्धातील नामांतराविषयी मी मुद्दाम वेगळे लिहीन. ज्यांनी हे गाव किंवा ॲडलेडच्या ईशान्येकडील बरोसा खोऱ्यातील जर्मन गावे पाहिली आहेत, त्यांनी कृपया भर घालावी.

---

दगडविटा

उत्तम धागा. माझा व्यवसाय जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा असल्याने घरांविषयी थोडे लिहितो. हानडॉर्फची जी घरे ‘जर्मन पद्धतीची’ म्हणून ओळखली जातात, ती फाखवेर्क पद्धतीची आहेत. या पद्धतीत आधी जाड लाकडाचा सांगाडा उभा करतात. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून ते लाकडी खुंटीने पक्के करतात आणि सांगाड्यातील मोकळे चौकोन मग चिखल व गवत कालवून किंवा विटा रचून भरतात. कोकणातील कुडाच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातील चिखलभरणीचे तंत्र लगेच ओळखता येईल. येथे छताचा सारा भार लाकडी सांगाडा पेलतो आणि भिंत केवळ आडोशाचे काम करते.

महत्त्वाची बाब अशी की या लोकांना ओळखीचे ओक आणि पाइन येथे मिळाले नाहीत. त्यांनी तेच तंत्र युकॅलिप्टसच्या लाकडावर वापरले. हे लाकूड कठीण, जड आणि वाळताना वाकडे होणारे आहे, त्यामुळे जुन्या सांगाड्यांत कुऱ्हाडीने तासलेल्या, किंचित वळलेल्या तुळया दिसतात. घरासमोर उभे राहून छायाचित्र काढण्यापेक्षा बाजूच्या बोळात शिरून मागची भिंत पाहावी. दर्शनी भागाला पुढे गिलावा झालेला असतो आणि मूळ काम मागे शिल्लक राहते. छताचा तीव्र उतारही लक्षात घ्यावा. त्याखालचा मोठा माळा धान्य साठवण्यासाठी असे.

१९८८ मध्ये गावाचा जुना भाग राज्याचा वारसा परिसर म्हणून घोषित झाला. तेव्हापासून तेथे बांधकामात बदल करण्यावर बंधने आहेत.

---

नीलमोहर

मी हे गाव पाहिले आहे आणि माझी निराशा झाली, हे प्रामाणिकपणे सांगते. मुख्य रस्त्यावर कुकू घड्याळे, बिअरचे मोठे मग आणि बव्हेरियन पोशाखातील बाहुल्या मांडलेल्या होत्या. माळरान यांनी दिलेल्या माहितीप्रमाणे हे लोक प्रशियाच्या सायलेशिया आणि ब्रँडेनबर्ग भागांतील खेड्यांतून आलेले, तर बव्हेरिया जर्मनीच्या दक्षिण टोकाला. मग त्या वस्तूंचा या गावाशी संबंध काय? पर्यटकांसाठी उभारलेला देखावाच आपण इतिहास म्हणून पाहत नाही ना, असा प्रश्न मला तेथे सतत पडत होता.

---

माळरान

नीलमोहर, आपला प्रश्न अगदी योग्य आहे. ही कुटुंबे ब्रँडेनबर्ग, पोझन आणि सायलेशिया यांच्या सीमाभागातून आली होती. त्यातील बरीचशी गावे आज पोलंडमध्ये आहेत. चामड्याची अर्धी विजार आणि पिसाची टोपी यांच्याशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. ती चर्चला जाताना काळे कपडे घालणारी, मितभाषी आणि काटकसरी माणसे होती.

तरीही दुकानांकडे पाहून गावाला पाठ फिरवू नये, असे मला वाटते. १९६० च्या दशकात अकॅडमीची इमारत पाडली जाण्याची वेळ आली होती. ती वाचली, तेथे कलादालन सुरू झाले आणि त्यानंतरच लोकांचे लक्ष पुन्हा या गावाकडे वळले. १९७० च्या दशकात द्रुतगती मार्ग गावाला वळसा घालून गेल्यावर मुख्य रस्ता अवजड वाहतुकीतून सुटला. पर्यटकांचा पैसा आला नसता, तर यातील किती घरे आज उभी असती, याची मला शंका आहे. अर्थात आपण म्हणता तो भेद पाहणाऱ्याने मनात ठेवलाच पाहिजे.

---

रानवाट

या गावाच्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग स्त्रियांचा आहे. सुरुवातीच्या वर्षांत या कुटुंबांजवळ बैलगाड्या नव्हत्या, आणि पिकलेला भाजीपाला, लोणी, अंडी विकल्याशिवाय कर्जही फिटणार नव्हते. हे सारे पाठीवरच्या टोपल्यांत भरून बायका आणि वयात आलेल्या मुली मध्यरात्रीच्या सुमारास निघत आणि डोंगर उतरून सकाळच्या बाजाराला ॲडलेडला पोहोचत. शहर जवळ आले की पायथ्याच्या ओढ्यावर थांबून पाय धूत, बूट घालत आणि एक स्तोत्र म्हणून पुढे जात. परतताना साखर, तंबाखू, सुया, दोरा असा घरचा बाजारहाट असे. शिवाय चर्चच्या बांधकामासाठी प्रत्येकीने दोन-दोन विटा वाहून आणल्याची आठवण गावात परंपरेने सांगितली जाते.

या वाटेला आता ‘पायोनियर विमेन्स ट्रेल’ म्हणतात. हानडॉर्फपासून ॲडलेडच्या ब्युमाँट उपनगरापर्यंत ती सुमारे २६ किलोमीटर आहे आणि दरवर्षी मे महिन्यात वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेतर्फे त्यावर सामूहिक पदयात्रा होते. मी ती चाललेली आहे. माझ्या पाठीवर फक्त पाण्याची बाटली आणि शिदोरी होती, पायांत चांगले बूट होते आणि दिवसाचा उजेड होता. तरीही ब्युमाँटकडच्या शेवटच्या तीव्र उतारावर गुडघे बोलू लागले. पाठीवर ओझे घेऊन, अंधारात, अनोळखी रानातून हीच वाट तुडवणाऱ्या त्या बायकांविषयी तेथे जो आदर वाटला, तो कोणत्याही फलकावरचा मजकूर वाचून वाटला नसता. पदयात्रेत वेगवेगळ्या टप्प्यांवरून सामील होता येते, त्यामुळे सगळे अंतर चालणे ज्यांना झेपणार नाही, त्यांनीही विचार करावा.

आणखी एक गोष्ट. मेंढ्यांची लोकर कातरण्याचे काम ऑस्ट्रेलियात सर्वत्र पुरुषांचे मानले जाई. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या आरंभीच्या काळात मात्र जर्मन स्त्रियांनी मोठ्या मेंढवाड्यांवर हे काम मजुरीने केले. प्रवासाचे कर्ज फिटण्यात त्यांच्या या मजुरीचा वाटा मोठा असणार.

---

अक्षता

चर्चा वाचते आहे आणि आवडते आहे. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. ही सारी जमीन आधी कोणाची होती? ‘जमीन घेतली होती’ असे एका ओळीत येऊन गेले.

---

माळरान

अक्षता, विचारलेत ते बरे झाले. हा डोंगराळ प्रदेश पेरामांक लोकांचा. हानडॉर्फ वसले त्या जागेला त्यांच्या भाषेत ‘बुकार्टिला’ असे नाव होते. वसाहत स्थापन करताना ब्रिटिश राजाने १८३६ मध्ये जी सनद दिली, तिच्यात मूळ रहिवाशांच्या ताब्यातील आणि वापरातील जमिनींवरचा त्यांचा हक्क अबाधित राहील, असे स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्षात ती अट कोणी पाळली नाही. विशेष मोजणीच्या नियमाने चार हजार पौंड भरणाऱ्याला आपल्या पसंतीची चार हजार एकर जमीन एकरी एक पौंड दराने निवडून घेता येई. डटन आणि सहकाऱ्यांनी माउंट बार्करजवळची जमीन याच नियमाने घेतली. पेरामांकांना कोणी विचारले नाही, आणि त्यांना त्यातला एक पौंडही मिळाला नाही.

सुरुवातीच्या दिवसांत पेरामांकांनी या नवख्या जर्मन कुटुंबांना रानातील खाण्याजोग्या वनस्पती आणि पोसम हा झाडावर राहणारा छोटा प्राणी पकडण्याची रीत दाखवली, असे या भागाच्या इतिहासात सांगितले जाते. काही वर्षांतच मात्र शेती, कुंपणे आणि रोगराई यांमुळे त्यांना आपल्याच टेकड्यांवर राहणे अशक्य झाले. छळातून सुटून आलेल्यांना जी जमीन मिळाली, ती दुसऱ्यांच्या हातून गेलेली होती. गावाची ही बाजू मूळ लेखात सविस्तर यायला हवी, म्हणून ती येथे लिहीत आहे.

---

पोथी

चर्चच्या इतिहासाची आवड असल्यामुळे थोडी भर घालतो. हानडॉर्फमध्ये सेंट मायकेल आणि सेंट पॉल अशी दोन ल्यूथरपंथी चर्च आहेत. एवढ्याशा गावात एकाच पंथाची दोन चर्च कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे मूळ येथे आल्यानंतरच्या मतभेदांत आहे. १८४१ मध्ये पाद्री गोटहार्ड फ्रित्शे आणखी कुटुंबांना घेऊन दक्षिण ऑस्ट्रेलियात आले. प्रशियात राजाच्या विरोधात एकजुटीने उभे राहिलेले हे लोक येथे कोणी छळणारा नसताना आपापसांत वाद घालू लागले. ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याविषयीची शिकवण आणि चर्चचा कारभार या प्रश्नांवर काव्हेल आणि फ्रित्शे यांच्यात १८४६ मध्ये उघड फूट पडली आणि तिचे लोण पुढच्या पिढ्यांत अनेक गावांपर्यंत पोहोचले. ऑस्ट्रेलियातील ल्यूथरपंथीयांचे दोन मोठे गट अखेर १९६६ मध्ये एकत्र आले.

या भांडणाकडे हलक्या नजरेने पाहू नये, असे मला वाटते. उपासनेतील शब्दांसाठी ज्यांनी घरदार आणि देश सोडला, त्यांना शब्द गौण वाटणे शक्यच नव्हते.

काव्हेल यांच्याबरोबर आलेल्या पहिल्या गटाने १८३८ मध्ये ॲडलेडजवळ टॉरेन्स नदीकाठी क्लेम्झिग वसवले. आपल्या मूळ गावाचेच नाव त्यांनी त्याला दिले. आज ते शहराचे उपनगर आहे आणि जुने म्हणावे असे तेथे फारसे उरलेले नाही. त्यामुळे ऑस्ट्रेलियातील सर्वांत जुनी जर्मन वसाहत क्लेम्झिग असली, तरी आजही टिकून असलेले सर्वांत जुने जर्मन गाव म्हणून मान हानडॉर्फकडे जातो.

---

टेकडीवरून

मी माउंट बार्करला राहतो, म्हणजे हानडॉर्फ माझ्या रोजच्या वाटेवर आहे. धागाकर्त्यांनी नामांतराचा विषय राखून ठेवला आहे. त्यांची परवानगी गृहीत धरून एक खूण आधी सांगतो. ॲडलेडकडून जुन्या रस्त्याने हानडॉर्फला येताना आधी व्हर्दुं हे छोटे गाव लागते. या डोंगरात फ्रान्समधील रणांगणाचे नाव कसे आले, हे येथून जाणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. त्याचे मूळ नाव ग्रुनथाल होते. ते महायुद्धाच्या काळात बदलले आणि पुन्हा कधी जुने झाले नाही. बर्डवूड येथे मोटारींचे प्रसिद्ध राष्ट्रीय संग्रहालय पाहायला बरीच भारतीय कुटुंबे जातात. ते गाव पूर्वीचे ब्लुमबर्ग. युद्धातील एका सेनापतीचे नाव त्याला मिळाले आणि तेच टिकले.

---

माळरान

टेकडीवरून, आभार. आपण दिलेल्या खुणांवरूनच पुढे लिहितो.

१९१४ मध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा हानडॉर्फचे लोक पाऊणशे वर्षे ब्रिटिश राजाचे प्रजाजन होते. तिसरी-चौथी पिढी येथेच जन्मलेली होती. तरीही राज्यातील सुमारे चारशे पुरुषांना टॉरेन्स बेटावरील छावणीत डांबण्यात आले. तेथील वागणूक इतकी वाईट होती की ती छावणी १९१५ मध्येच बंद करावी लागली. राज्याचे ॲटर्नी जनरल हरमन होमबर्ग हे याच राज्यात जन्मलेले होते, तरी केवळ जर्मन वंशाचे म्हणून त्यांच्यावर संशय घेतला गेला आणि १९१५ मध्ये त्यांनी पद सोडले. हान्स हायसन यांच्यासारखा सर्वमान्य चित्रकारही संशयातून सुटला नाही. १९१७ मध्ये राज्यातील ४९ ल्यूथरपंथी शाळा सरकारने बंद केल्या. गावांची नावे बदलण्याचा कायदाही त्याच वर्षी झाला आणि त्याखाली ६९ जर्मन स्थलनामे पुसली गेली. हानडॉर्फ ‘ॲम्बलसाइड’ झाले, लोबेथाल ‘ट्वीडव्हेल’ झाले आणि क्लेम्झिगला ब्रिटिशांनी जिंकलेल्या ‘गाझा’चे नाव दिले गेले.

त्या वेळी गावातील अनेक घरांतून मुलगे ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात जर्मनीविरुद्ध लढायला गेलेले होते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील जर्मन गावांच्या युद्धस्मारकांवर जर्मन आडनावे कोरलेली दिसतात. ती वाचताना थांबावे, अशी माझी प्रत्येक पाहुण्याला विनंती आहे. एका बाजूला त्या घरांतील मुलांना रणांगणावर पाठवायचे आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या आजोबांनी ठेवलेले गावाचे नाव शत्रूचे म्हणून पुसायचे, यात मला सत्तेचे उघड अन्यायी वर्तन दिसते आणि ते सौम्य शब्दांत सांगण्याची गरज वाटत नाही.

राज्याची शताब्दी १९३६ मध्ये येणार होती. तिच्या आदल्या वर्षी, १९३५ मध्ये हानडॉर्फ, लोबेथाल आणि क्लेम्झिग यांची नावे परत मिळाली. बाकीच्या बऱ्याच गावांना आणखी कित्येक दशके थांबावे लागले, आणि काहींची जुनी नावे परत आलीच नाहीत. शाळा बंद झाल्याचा परिणाम मात्र कोणत्याही कायद्याने भरून निघाला नाही. मुलांची शाळेतील जर्मन सुटली, घरातील हळूहळू मागे पडली आणि चर्चमधील उपासनाही इंग्रजीत होऊ लागली.

---

सायंतारा

हा धागा फारच उपयोगी पडणार आहे. आम्ही ॲडलेडला मुलीकडे जात आहोत. माझे सासूसासरे सोबत आहेत. दोघेही सत्तरीच्या पुढचे आणि पूर्ण शाकाहारी आहेत. सासऱ्यांना इतिहासाची आवड आहे, पण फार चालवत नाही. एका दिवसात काय पाहावे आणि खाण्याचे काय करावे, हे कृपया कोणी सांगावे. बरोसालाही जाण्याचा विचार आहे, तर दोन्ही एकाच दिवशी करावे का?

---

टेकडीवरून

सायंतारा, दोन्ही एका दिवशी मुळीच करू नका. बरोसा खोरे ॲडलेडच्या ईशान्येला आहे. हानडॉर्फहून थेट तिकडे जाणारा रस्ता वळणांचा असल्याने वडीलधाऱ्यांना त्रास होईल.

हानडॉर्फसाठी आठवड्याच्या मधला दिवस निवडा. शनिवार-रविवारी मुख्य रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही आणि पदपथावरही गर्दी असते. रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे, दुतर्फा एकोणिसाव्या शतकात लावलेली एल्म आणि प्लेनची मोठी झाडे आहेत आणि बसायला बाके आहेत. सकाळी प्रथम अकॅडमी, मग तेथून थोडे चालून सेंट मायकेल चर्च, आणि जेवणानंतर गाडीने ‘द सीडर्स’ असा क्रम ठेवा. हायसन यांच्या घरात मार्गदर्शकासह फेरी असते. तिच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. चित्रशाळेकडे जाण्याची वाट कच्ची आहे, त्यामुळे सासऱ्यांना हाताला धरून न्यावे लागेल. ॲडलेड शहरातून माउंट बार्करकडे जाणारी सरकारी बस गावातून जाते, पण वडीलधारे सोबत असल्यामुळे गाडीच बरी.

खाण्याविषयी असे की जर्मन उपाहारगृहांत मुख्य पदार्थ डुकराच्या मांसाचेच असतात. शाकाहारींसाठी बटाट्याचे पॅनकेक आणि चीज घातलेले श्पेट्झले (जाड शेवयांसारखा पदार्थ) हे पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतात. मात्र बटाट्याच्या पॅनकेकमध्ये आणि श्पेट्झलेच्या पिठात अंडे असते, हे सासूबाईंना आधी सांगावे. अंडे चालत नसेल तर प्रेट्झेलविषयी विचारावे किंवा घरून डबा न्यावा. बेकरीतील बिनेनश्टिश, म्हणजे मधात घोळवलेल्या बदामांचा थर आणि आत क्रीम असलेला केक, मला विशेष आवडतो, पण त्याच्या क्रीममध्ये कधीकधी जिलेटिन हा प्राणिजन्य घटक असतो. विचारून मगच घ्यावे.

मुले सोबत असतील आणि तुम्ही नोव्हेंबर ते एप्रिलच्या दरम्यान येत असाल, तर बेअरेनबर्ग शेतावर स्वतः स्ट्रॉबेरी तोडता येतात. ही शेती १८३९ मध्ये आलेल्या पेख कुटुंबाच्या वंशजांची आहे. मात्र जानेवारी-फेब्रुवारीत येथे तापमान चाळिशीच्या आसपास जाते आणि वणव्याचा धोका असतो. २०१९ च्या डिसेंबरमधील कडली क्रीकच्या वणव्याने लोबेथाल परिसराचे फार मोठे नुकसान केले. अशा दिवशी डोंगरात येऊच नये. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत झाडांची पाने लाल-पिवळी होतात आणि हवा गार असते. वडीलधाऱ्यांसाठी मी तोच काळ सुचवीन.

---

पोथी

बरोसाच्या दिवशी बेथनी हे छोटे गाव अवश्य पाहावे. १८४२ मध्ये वसलेले हे बरोसामधील पहिले जर्मन गाव. येथे घरे एका रस्त्यालगत आहेत आणि प्रत्येक घरामागे शेताची लांब, अरुंद पट्टी ओढ्याकडे जाते. जर्मनीच्या पूर्व भागातील ‘हुफेनडॉर्फ’ म्हणजे पट्टीशेतीचे गाव याच आखणीचे असते. हानडॉर्फमध्ये दुकानांच्या मागे दडलेली शेतकरी गावाची ठेवण बेथनीत उघड्यावर दिसते, कारण तेथे बाजारच नाही. सासऱ्यांना गाडीत बसूनही ती पाहता येईल. लोबेथालही १८४२ चेच आणि हानडॉर्फहून जवळ आहे. तिथली लोकरीची गिरणी एकेकाळी ब्लँकेटांसाठी प्रसिद्ध होती. डिसेंबरमध्ये नाताळची रोषणाई पाहण्यासाठी संध्याकाळी तेथे दुरून लोक येतात.

---

नीलमोहर

माळरान, आपले नामांतराविषयीचे लेखन वाचून माझे मत बदलले. आम्ही मुख्य रस्त्यावरूनच परतलो होतो. अकॅडमी आणि चर्च दोन्ही पाहिले नाही. पुढच्या वेळी आधी ‘द सीडर्स’ला जाईन. एक विचारायचे होते. ॲम्बलसाइड हे नाव आज कोठे दिसते का?

---

टेकडीवरून

हो, दिसते. हानडॉर्फजवळ ॲम्बलसाइड रोड नावाचा रस्ता आहे आणि रेल्वेमार्गावर त्याच नावाचे स्थानक होते. गावाचे नाव १९३५ मध्ये परत आले, तरी स्थानकाची पाटी पुढेही तशीच राहिली. प्रवासी गाड्या आता तेथे थांबत नाहीत, त्यामुळे स्थानक म्हणून पाहण्यासारखे फार काही नाही. शेजारच्या बालहाना गावाकडे जाताना ॲम्बलसाइड रोडचा फलक सहज नजरेस पडेल.